तीनशे करकोचे आणि माझी नायब तहसीलदारी

मोजणीत माझा हात धरणारा अमरावतीच्या कचेरीत कोणी नव्हता! म्हणून आमच्या गोऱ्या साहेबांनी जेव्हा विचारलं, "दिवाळीनंतर उत्तरेकडून करकोचे येतात, ते मोजायला कोण येणार?" तेव्हा सगळ्यांत आधी मी उठलो. नायब तहसीलदाराची जागा रिकामी होती. मी काही पक्ष्यांसाठी उठलो नव्हतो!

शनिवारी पहाटेच चांदूर रेल्वेच्या पुढे गेलो. मी वरच्या गावच्या तलावावर बसलो, माझा सोबती कारकून गयासुद्दीन खालच्या गावच्या.

पहिला थवा तीनशेचा! मी लिहितो न लिहितो तोच गावकऱ्यांनी डबे बडवले आणि थवा उडाला. अर्ध्या तासात दुसरा थवा. तीनशे! पुन्हा डबे, पुन्हा नवा थवा! संध्याकाळपर्यंत अठरा थवे झाले. हा तलाव नव्हे, बडनेरा जंक्शन आहे, असं मला वाटू लागलं.

पाच हजार चारशेचा आकडा मी घोडेस्वाराबरोबर साहेबांकडे धाडला आणि मगच कोतवाल नत्थुजीला विचारलं, "डबे काहून वाजवता रे?"

"बाबूजी, पाखरं बसले का साहेब तंबू ठोकते. मंग कोंबड्या आमच्या, दूध आमचं, बैलबंडी आमची, सारं फुकट! म्हून आमी त्याइले खालच्या गावाले हाकलतो."

"आणि खालचे?"

"ते वापस धाडते! सकाळपासून तेच पाखरं हायेत. त्यातल्या लंगड्याले तं मी आता दुरून ओळखतो!"

म्हणजे माझे अठराही थवे एकच! पण गेलेला आकडा परत मागवायचा? आणि बढती गयासुद्दीनच्या घशात घालायची? छे!

रविवारी साहेब आले. गयासुद्दीनने कागद पुढे केला. तीनशे.

"दिवसभरात फक्त तीनशे?"

"हुजूर, तेच ते येऊन-जाऊन राहिले होते."

मी खाकरलो. "हुजूर, याची नजर जरा अधू आहे." मित्राबद्दल असं बोलताना वाईट वाटलं, पण फार नाही.

साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि वरच्या गावात महिनाभर तंबू ठोकायचा हुकूम सोडला. नत्थुजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तलावाकडे पाहू लागलो. मग साहेबांनी बढतीचा कागद काढला. मी कोटाची बटणं लावली.

"खुशालराव, तुमच्यासारखा मोजणारा कचेरीत वाया जातो! तुम्ही होळीपर्यंत इथेच पक्ष्यांपाशी राहा," साहेब म्हणाले. "या गयासुद्दीनला मात्र धड मोजता येत नाही. त्याला नायब तहसीलदार करून टाकतो!"