जिथल्या तिथं

गजभिये काका आपल्याशी बोलतानासुद्धा भिंत मोजत असतात. तुम्ही "जय भीम काका" म्हणावं, तर ते "जय भीम" म्हणत टेपचं एक टोक तुमच्या हातात देतात आणि दुसरं टोक घेऊन चालू लागतात. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात हे टोक धरलं नाही असा माणूस नाही. पोस्टमननंही धरलं आहे.

सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत काढून काकांनी आमच्या समोरचं घर विकत घेतलं. आयुष्यातलं पहिलं. वयानं ते काकांच्याच जोडीचं होतं. लाल सिमेंटची फरशी, विजेची काळी गोल बटणं, स्वयंपाकघराला तळहाताएवढी खिडकी, आणि न्हाणीच्या दारात एक पायरी, जिला ठेच लागल्याशिवाय पाहुणा आत जात नसे. पहिली दोन वर्षं काकांचे बेत मोठे होते. मधली भिंत पाडू, ओटा अंगणाकडे नेऊ, हॉल असा करू की लग्न लागेल.

मग काय झालं कोण जाणे, माणूस एकदम फिरला. घर नवं करायचंच, पण जागेवरून काही हलवायचं नाही.

"सगळं नवं, पण जिथल्या तिथं," हे त्यांचं पालुपद झालं.

काळी बटणं गेली, पांढरी आली, पण तीही दाराच्या मागेच. लालबर्र्याच्या ईश्वर मिस्त्रीनं विचारलं, "अंकल, दरवाज़े के पीछे बटन कौन लगाता है?"

"मी लावतो," काका म्हणाले.

टाइल्स बसवताना मिस्त्रीनं न्हाणीची ती पायरी शहाणपणानं काढून टाकली. काकांनी दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा बांधून घेतली, आणि तीही पहिल्याइतकीच उंच आहे ना, हे चारदा मोजलं.

"काका, ही काहून ठेवली?" मी विचारलं.

"होती म्हणून."

असा माणूस समोर राहत असताना मी गप्प बसणं शक्य नव्हतं. "काकांनी आठ वर्षं खपून जुन्या घराचं अगदी तसंच जुनं घर केलं," असं मी चहाच्या टपरीवर सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. काकांच्या कानावर गेलं, तर ते म्हणाले, "हौ, बरोबर हाय. येडाच हावो मी." चिडत नसल्यामुळे त्यांची टिंगल करायला आणखी मजा यायची.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे रंगकाम निघालं. मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो होतो. काका मागच्या अंगणात रंगाऱ्याला समजावत होते. मी बैठकीतल्या लाकडी पलंगावर, त्यांच्या तखतावर, बसलो. तखत नेहमीसारखा अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि खिडकीत छान ऊन. मला राहवलं नाही. मी तो ओढून खिडकीखाली आणला.

सुलोचनाकाकी चहा घेऊन आल्या आणि सरळ त्यावर आदळल्या. कप फुटला, चहा लुगड्यावर सांडला. त्या तिथंच उभ्या राहिल्या, एक हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपत.

काका धावत आले. त्यांनी तखत पाहिला, मग मला पाहिलं.

"माह्यं चुकलं," ते म्हणाले. "रंगासाठी मीच सरकवला. सांगाचं राहून गेलं."

"तुमचं ध्यान कुठं राह्यते?" काकी म्हणाल्या, आणि भिंतीला बोटं लावत आत गेल्या.

आम्ही दोघांनी तखत कोपऱ्यात नेला. "काका, तखत तर मी..."

"माहीत हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "तिले दिसत नाही आता. सावली तेवढी दिसते. भावासंग गोंदियाले गेलती डोळे दाखवाले. मले सांगतलं, चष्म्याचा नंबर वाढला. खरं काय ते साळ्यानं सांगतलं. डॉक्टर म्हणे, हे काही वापस येत नाही."

"मग तुम्ही काकींशी बोलत का नाही?"

"तिले वाटते, मले माहीत नाही. या घरात ती कोणाचा हात न धरता चालते, सैपाक करते. मी बोललो का तिले हात धरावा लागन."

तखताचा पाय पहिल्याच जागी आला ना, हे मी वाकून पाहिलं.

काकी दुसरा कप घेऊन आल्या. या वेळी कुठंही न अडखळता. "तुमी तरी याइले समजवा," त्या मला म्हणाल्या. "काही बदलूच देत नाही. लोकं हासतात."

त्या लोकांत पहिला मीच होतो. "राहू द्या काकी," मी म्हणालो. "घर चांगलं झालं आहे."

"हौ, झालं खरं," म्हणत त्यांनी कौतुकानं नवऱ्याकडे पाहिलं. म्हणजे तखताजवळ पाहिलं. काका तोवर फुटलेल्या कपाचे तुकडे वेचायला खिडकीकडे गेले होते.

ते आवाज न करता उठले, आणि काकी हसून पाहत होत्या त्या जागी येऊन उभे राहिले.