चौकटीपासून चार फूट

बेडरूममधला एक बोर्ड नाहीसा झाला होता. तो भिंतीतच होता यात शंका नव्हती, पण गवंड्याने प्लॅस्टर करताना त्याच्या डब्यावरूनही बिनदिक्कत थापी फिरवली होती. आता समोर होती ती नुसती गुळगुळीत भिंत.

"पलंगाशेजारी बटणच नाही," ताई म्हणाली. "झोपताना दिवा घालवायला काय दारापर्यंत चालत जायचं?"

"काही काळजी करू नकोस," तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

या भावाला धंद्यातले लोक 'ओळंबा' म्हणत. त्याने टाकलेला वायरींचा पाइप भिंतीतून सरळ खाली उतरायचा, कुठे तिरका जायचा नाही की वळसा घ्यायचा नाही. डब्यातल्या वायरी रंगाप्रमाणे एका ओळीत बसलेल्या असायच्या. ताईच्या नव्या घराचं काम तर त्याने जीव ओतून केलं होतं, कारण दुपारी एक बिल्डरबाई ते बघायला येणार होत्या. काम पसंत पडलं तर त्यांच्या नव्या इमारतीचं सगळं वायरिंग त्याला मिळणार होतं.

"वरच्या डब्यापासून पाइपच्या मागे मागे उतर," भाऊजींनी सुचवलं. "म्हणजे आपोआप सापडेल."

"भाऊजी, शोधतात ते चाचपडणारे. मी मोजतो." त्याने टेप काढला. "डबा दाराच्या चौकटीपासून चार फुटांवर. मी सगळं चौकटीपासूनच मोजतो. बाकी काहीही हलेल, चौकट हलत नाही."

ताईने एकदा चौकटीकडे बघितलं. मग ती चहा टाकायला निघून गेली.

ओळंब्याने खूण केली, छिन्नी लावली, चार घाव घातले. प्लॅस्टर पडलं. आत वीट होती.

"वीट आहे," भाऊजी म्हणाले.

"दिसतंय मला. बोटभर इकडेतिकडे झालं असेल."

त्याने भोक रुंद केलं. आणखी विटा निघाल्या. मग त्याला वाटलं, आपला हात मोजताना जरा सढळ असतो, म्हणजे डबा थोडा पलीकडेच असणार. त्याने साडेचार फुटांवर दुसरं भोक पाडलं. तिथेही वीट. पाच फुटांवर तिसरं पाडलं. तिथली वीट तर अर्धी तुटून पलंगावर आली. भाऊजींनी पलंग ओढून खोलीच्या मध्यावर आणला आणि त्यावर जुनी चादर टाकली. धूळ पार स्वयंपाकघरापर्यंत गेली. ताईने चहावर झाकण ठेवलं आणि ती तिथेच थांबली. एरवी घरात कुठे कण पडला तरी धावत येणारी ताई आज आत डोकावतसुद्धा नव्हती.

"उलट्या बाजूला बघायचं का?" भाऊजींनी दबकत विचारलं.

"उलट्या बाजूला कशाला? मी कमी कधी मोजत नाही!"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. बेल मात्र पहिल्या झटक्यात, खणखणीत वाजली.

बिल्डरबाई उंच, कमी बोलणाऱ्या होत्या. पर्समध्ये त्या स्वतःचा स्क्रूड्रायव्हर बाळगत. आल्या आल्या त्यांनी मेन बोर्ड उघडून घेतला. आत प्रत्येक वायर आपापल्या जागी होती, प्रत्येक एमसीबीखाली कुठल्या खोलीचा ते लिहिलेलं होतं. कुठे गुंता नव्हता, कुठे टेप गुंडाळलेले जोड नव्हते. बाईंची मान किंचित हलली. हॉलमधला बोर्ड त्यांनी स्वतःच खोलला आणि आत वाकून बघितलं.

"उद्या कुणी दुरुस्तीला आला, तर त्याला काही विचारावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. "बेडरूम बघू."

भाऊजी दारात आडवे झाले. "तिथे जरा पसारा आहे."

"बघू द्या, भाऊजी," ओळंबा म्हणाला. "काम माझं आहे."

बाई आत गेल्या. तीन भोकं, विटांचे तुकडे, चादरीखालचा पलंग.

"उंदीर?"

"नाही मॅडम. गवंड्याने डबा बुजवला, तो शोधतोय. पण माझं माप चुकलेलं नाही. चौकटीपासून चार फूट, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो."

"मग डबा कुठे गेला?"

कपबशांचा आवाज आला. ताई ट्रे घेऊन दारात उभी होती.

"तीन फूट मोज," ती म्हणाली.

"काय?"

"चौकट हलली रे. फूटभर."

भाऊजींनी आधी चौकटीकडे आणि मग बायकोकडे बघितलं. "कधी?"

"तुम्ही गावाला गेला होतात आणि हा दुसऱ्या कामावर होता तेव्हा. कोपऱ्यात माझं कपाट बसत नव्हतं. गवंडी म्हणाला, मालकांना विचारा. मी म्हटलं, मालकांना कपडे कुठे ठेवतात ते तरी माहीत आहे का? दाराजवळचा बोर्ड शेजारच्या भिंतीवर, त्याला धक्का नाही लागला. प्लॅस्टर झाल्यावर कुणाला कळलंच नाही. मग म्हटलं, कशाला उगाच विषय काढा."

ओळंबा टेप घेऊन वळला. तीन फुटांवर खूण केली आणि एकच घाव घातला. प्लॅस्टरचा पापुद्रा गळून पडला. आत डबा होता, अगदी सरळ बसलेला, आणि वरून पाइप रेषेसारखा त्यात उतरत होता.

"माप चुकलं नव्हतं," तो शांतपणे म्हणाला.

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "वायरिंगचं काम तुमचं. सोमवारी या." मग त्या ताईकडे वळल्या. "चौकट काढून पुन्हा बसवायला किती वेळ लागला?"

"दोन दिवस. मी तिथेच खुर्ची टाकून बसले होते."

"आणि गवंड्याने ऐकलं?"

"ऐकणार नाही तर काय करेल?"

बाईंनी कप उचलला, एक घोट घेतला. "माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी फूटभर सरकवायची आहे, सहा महिने झाले ती हलत नाहीये. तीन सुपरवायझर बदलले." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही नोकरी कराल का?"

ताईने क्षणभरही विचार केला नाही. "करीन की."

सोमवारी सकाळी ओळंबा साइटवर पोचला, तेव्हा डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलेली ताई दारातच उभी होती.

"उशीर झाला," ती म्हणाली. "आणि हे बघ, इथे काहीही मोजण्याआधी मला विचारायचं."