सरांची सार्वजनिक झोप

डॉ. घनश्याम गावंडे यांनी ठरवलं, की भाषणाआधी निदान एकदा तरी बायकोचा मोबाइल उघडून बघायचा. ठरवलं ते एवढंच.

लोहाऱ्याच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्यांना विषय दिला होता: समाजमाध्यमं घातक, की ज्याच्या त्याच्या वापराचा प्रश्न? गावंडे सर तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पीएच.डी. 'संशय' या विषयावर (ती आपल्याला चुकून मिळाली असावी, असं त्यांना अजूनही वाटे). न बघता बोलणं त्यांच्या मनाला पटेना.

नंदाबाई पडवीत बसून स्वयंपाकाचे रील करतात, हे सरांना ठाऊक होतं. मोबाइल बरणीला टेकवायचा आणि काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे कसे करायचे ते सांगायचं. ठाऊक नव्हतं ते हे, की प्रत्येक रीलमध्ये मागे बंगईवर, म्हणजे पडवीतल्या झोपाळ्यावर, ते स्वतः झोपलेले होते. तोंड उघडं, एक पाय हवेत.

आणि सरगुंड्यांबद्दल कोणी अवाक्षर लिहिलं नव्हतं.

'काका बरोबर चाळिसाव्या सेकंदाला कूस बदलतात.' 'यांच्याकडे पाहून माझं बीपी उतरलं.' 'कालच्यापेक्षा आजचं घोरणं गोड.'

"नंदा, हे बघणारे अकरा हजार लोक कोण?"

"तुमचेच. माह्या सरगुंड्याले कोण पाह्यते?"

"मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं. पण तुम्ही झोपेल होते ना."

तर्काच्या दृष्टीने यात चूक सापडेना.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सर बंगईवर आडवे झाले. दुपारची झोप ही त्यांच्या दिवसातली एकमेव गोष्ट, जिच्याविषयी त्यांना कधी शंका आली नव्हती. कड्या हळू कुरकुरत, निंबाची सावली अंगावरून सरकत जाई, आणि मग बंगई कड्यांतून सुटून घाटंजीच्या रस्त्याने निघे. खाली कापूस फुटलेली पांढरी शेतं. वारा नाही, आवाज नाही. एवढ्या मोठ्या शिवारात त्यांचं मत विचारणारं कोणी नसे.

त्या दिवशी बंगई जागची हलली नाही. तोंड मिटावं की उघडं ठेवावं? आणि पायाचं काय? (वर्गात साठ मुलांसमोर उभं राहताना जो घाम फुटे, तो आता पडल्या पडल्या फुटला.)

तीन दिवस डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी भाषणाच्या कागदावर 'घातक' असं लिहिलं, आणि बायकोचं नुकसान नको म्हणून झोपेचं सोंग घेतलं.

संध्याकाळी नंदाबाईंनी प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. "एक जण लिहिते, सर ॲक्टिंग करून राह्यले. दुसरी म्हणते, पापण्या हलतेत. अन् मारेगावहून माही बहीण मथुरा फोन करून इचारते, भाऊजी आजारी हायेत का?"

"मग मोबाइल दुसरीकडे तोंड करून ठेव."

"अन् लोकायनं काय पाहावं, माही कणीक? तुम्ही उद्या आत झोपा. मी पाह्यते काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी सर आतल्या खोलीत गेले. चटई, पंखा, बंद दार. पाहणारं कोणी नव्हतं. थोड्या वेळाने चटई जमिनीपासून बोटभर उचलली गेली, मग हातभर, मग खिडकीतून बाहेर पडून सावकाश पांढऱ्या शेतांवरून तरंगू लागली.

उठले तेव्हा उन्हं उतरली होती. मन इतकं निवळलं होतं, की त्यांनी 'घातक' खोडून 'ज्याचा त्याचा प्रश्न' असं लिहिलं आणि पुन्हा खोडलं नाही.

पडवीत नंदाबाई खुशीत होत्या. मागे बंगईवर सरांची चादर पांघरून कोणीतरी निजलं होतं. सरांनी भीतभीत चादर उचलली. खाली बैठकीतला लोड होता, डोक्याच्या जागी सरांचा दुपट्टा गुंडाळलेला.

"लोकांनी ओळखलं असेल," सर हळूच म्हणाले. ओळखलं असावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

"कायचं ओळखते?" नंदाबाईंनी मोबाइल पुढे केला. "हे पाहा. एकानं लिहिलं, आज लय दिवसानं सर जिवंत वाटले."