पहिले हजार किलोमीटर

या मंडळी, जवळ सरका. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत या, जागा आहे. आज एका थोर माणसाच्या मायेची गोष्ट सांगतो. ऐकून मन निवलं नाही तर खुशाल उठून जा.

नव्याने बसवलेल्या भागाला जुन्या देहात रुळायला अवधी द्यावा लागतो. हे यंत्रशास्त्र मानतं, वैद्यकशास्त्र मानतं आणि आमचे भाऊजी तर सर्वांहून जास्त मानतात.

झालं असं. माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, डावा गुडघा बदलला. तिला रोज व्यायामाला न्यायचं कसं? भाऊजींची गाडी म्हातारी. तिसरा गिअर तर चालता चालता आपोआप सुटायचा. भाऊजींनी प्रश्न मुळापासून सोडवला. गिअरबॉक्स पूर्ण खोलून नव्याने बांधला, क्लच नवा घातला. ताई इस्पितळातून आणि गाडी गॅरेजातून एकाच दिवशी घरी आल्या. (गाडीसाठी फाटक उघडायला सगळं घर धावलं. ताईने आपलं आपण उघडलं होतं.)

मिस्त्रीने बजावलं होतं, "साहेब, पहिले हजार किलोमीटर जपून. दामटायची नाही, चढावर ओझं घालायचं नाही."

भाऊजींनी त्याच संध्याकाळी घरात नियम लागू केले. सदर वाहनास झटका देऊ नये. सदर वाहनाशेजारी चढ्या आवाजात बोलू नये. प्रत्येक फेरीनंतर त्यास सावलीत विश्रांती द्यावी, व ते कुरकुरल्यास कारण शोधल्याशिवाय कोणी जेवू नये. इतकी माया मी प्रवचनांत ऐकली होती, डोळ्यांनी प्रथमच पाहत होतो.

आता व्यायामाचा दवाखाना चढावर. तेव्हा कायद्याचा प्रश्न उपस्थित झाला की, ताई ही ओझं या व्याख्येत येते का? भाऊजी न्यायी माणूस. त्यांनी निर्णय दिला : सपाटीवर पत्नी, चढावर ओझं.

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय, चढ टाळा म्हणून," ताई म्हणाली.

"मिस्त्रीनेही तेच सांगितलंय गं. उतर."

मग रोजचा देखावा असा : ताई भिंतीला धरून चढ चढते आहे आणि शेजारून, काच खाली करून, भाऊजी रिकामी गाडी तिच्याच चालीने नेत आहेत, कारण बायकोला एकटं सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. ताईची काठी मात्र मागच्या सीटवर. (तिचं वजन नगण्य असल्याने तिला सूट होती.)

गल्लीही मायाळू. ताई दम खायला थांबली की कोणी ना कोणी विचारायचंच, "काय वहिनी, तिसरा गिअर सुटत नाही ना आता?" पाहणी केली असता दहांपैकी नऊ जणांना तिसऱ्या गिअरची मनापासून काळजी असल्याचं आढळलं. (दहावा मी. मला क्लचची होती.)

अखेर हजार किलोमीटर भरले. भाऊजींनी डोळे पुसले, दार उघडून धरलं. "बस आता राणीसारखी. कुठल्याही चढावर नेतो."

"व्यायाम कालच संपला," ताई म्हणाली.

"मग नुसती फेरी मारू."

"मारू की. आधी माझी काठी द्या इकडे. माझ्या वाटचं ती फिरलीये ना इतके दिवस."

तर अशी ही गोष्ट. गाडी झकास आहे, तिसरा गिअर लोण्यासारखा पडतो. भाऊजींना तुम्ही पोटभर हसलात, मलाही बरं वाटलं. आता उठण्याआधी एकच सांगा : ताईचा गुडघा कोणता बदलला होता? सांगितला होता मी. शेजारच्याकडे काय बघता, त्यालाही तिसरा गिअरच आठवतोय.

असू दे. जिना उतरताना घाई नको. आणि घरी पोचेपर्यंत तेवढी आमच्या ताईची आठवण असू द्या. डावा होता.