काशीतात्यांच्या रांगोळीतली वाट

पत्रकाचं लोक काय काय करतात ते मी पाहिलं आहे. कोणी न वाचता खिशात कोंबतं, कोणी त्यावर भेळ खातं, कोणी चार पावलांवर गटारात टाकतं. पण पत्रकाला रांगोळीनं उत्तर देणारा माणूस मला एकच भेटला. जूचंद्र गावचे काशीतात्या.

काशिनाथ म्हात्रे. सत्तरीचे, काटकुळे, उन्हानं रापलेले. उभं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागरं बंद पडली तेव्हा हाताला पांढरं काहीतरी हवं म्हणून त्यांनी रांगोळी धरली असावी, असा माझा तर्क. जूचंद्रमध्ये रांगोळी घरोघरी काढतात, आणि काय सुंदर काढतात! बाकीच्यांच्या अंगणात मोर, कमळं, देव. तात्यांच्या अंगणात वादविवाद.

गावाला लागून आता टॉवर उभे आहेत. त्यातल्या एकात मी राहते. माझ्या शाळेत माझ्याच बाकावर बसणारा एक मुलगा नशेपायी कोठडीत गेला आणि तिथून अधिक बिघडून बाहेर आला, तेव्हापासून मी पत्रकं वाटते. आमचा सहाजणांचा गट आहे. मागणी सरळ आहे. विकणाऱ्याला जरूर पकडा, पण पिणाऱ्या-ओढणाऱ्याला कोठडी नको, उपचार द्या. पहिल्या पत्रकाचा मथळा होता, ‘नशा हा आजार आहे, गुन्हा नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या अंगणात हातभर मोठी अक्षरं होती : ‘गुन्हा नाय तं काय सन हाय?’

म्हणे सण! मी तणतणत फाटकाशी गेले. “तात्या, हा काय प्रकार?”

“उत्तर,” तात्या तंबाखू मळत म्हणाले. “तुजा छापखाना, माजं आंगन.”

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाली झाले.

त्या रांगोळीत एक विचित्र गोष्ट होती. फाटकापासून उंबरठ्यापर्यंत दोन वितींची एक पट्टी कोरी सोडलेली. स्वच्छ झाडलेली, रांगोळीचा कण नाही. त्यामुळे ‘गुन्हा नाय तं’ डावीकडे आणि ‘काय सन हाय?’ उजवीकडे. मी म्हटलं, “तुमच्या मुद्द्याला मधोमध भगदाड आहे, तात्या.” ते हसले नाहीत. मी त्या पट्टीवर पाऊल टाकलं मात्र, “आं! तिथनं नाय. मागच्या दारानं ये.”

म्हणजे वाट आहे, पण चालायचं नाही. पोस्टमन, गॅसवाला, मतं मागायला आलेले पुढारी, सगळे कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून स्वयंपाकघरातून आत. काकी वैतागलेल्या असत. “ज्या दारानं नवरी होऊन आले, त्या दाराला आता मी पाहुनी!”

तात्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “ठिपका चुकला का रेघ चुकली.” भाजी महागली तरी हेच, सरकार पडलं तरी हेच. नशेबद्दल तर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्यात मावत असे.

“पयला ठिपका कोनी ठेवला? त्यानंच ना? मंग रेघ त्याची.”

“आणि तुमच्या तंबाखूचा पहिला ठिपका?”

“ही सवय हाय. व्यसन म्हंजे ज्याला पोलीस पकडतान ते.”

“म्हणजे उद्या तंबाखूवर बंदी आली की तुम्ही गुन्हेगार?”

“कोन बंदी घालतंय बगू!”

मी पैज लावली. एक दिवस तंबाखूशिवाय राहून दाखवा. डबी मी घेऊन गेले. सकाळी दहाला त्यांनी सात ठिपक्यांच्या रांगोळीत एका बाजूला आठ ठिपके टाकले आणि रांगोळी विकणाऱ्याला शिव्या घातल्या, भुकटी ओली दिली म्हणून. साडेदहाला एका कोंबडीला झापलं. अकराला स्वतः आमच्या टॉवरखाली येऊन उभे. “पोटात गोला आलाय. औषद म्हनून जरा दे.”

“औषध! म्हणजे आजार कबूल?”

आठवडाभर बोलले नाहीत. रांगोळी तेवढी बोलली : ‘पत्रकवालीनं एक दिस चायशिवाय काढून दाखवावा.’ मी सकाळचे नऊसुद्धा गाठू शकले नाही.

असं बरं चाललं होतं. खरं तर त्या वर्षात बरं एवढंच होतं. बाकी आमची पत्रकं गटारातच जात होती. बंद मिठागरांच्या बांधावर बसणारी पोरं वाढत होती, आणि पोलिसांची गाडी आली की त्यातली दोन-तीन उचलली जात होती. विकणारा एकदाही नाही.

मग गावच्या तरुण मंडळानं समाजमंदिरात चर्चा ठेवली. एका बाजूला मी. दुसरी बाजू कोणी घेईना, पण तात्या पहिल्या रांगेत डबी घेऊन बसले होतेच. माझं संपायच्या आत उठले.

“पयला ठिपका ज्यानं ठेवला...”

“पहिला त्याचा, मान्य,” मी म्हटलं. “पण दहाव्या ठिपक्याला हात त्याचा राहत नाही, तात्या. तुम्ही त्या थरथरत्या हातात बेड्या घालता. बेड्यांनी थरथर थांबते?”

टाळ्या पडल्या. तात्या बसले नाहीत.

“मंग घरच्यांनी काय करावं? पोर भांडी इकतं. आयशीचं मंगलसूत्र इकतं. बापसानं पोलिसात नाय द्यावाचा, तं काय त्याची आरती करावाची?”

माझ्याकडे एक वाक्य होतं. नव्या पत्रकासाठी मीच लिहिलेलं, आणि मला त्याचा फार अभिमान होता. मी ते खणखणीत म्हटलं : “जो बाप आजारी पोराला पोलिसांच्या हवाली करतो, तो पोराला वाचवत नाही. तो स्वतःची अब्रू वाचवतो.”

टाळ्या आल्या नाहीत. माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली. तात्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. डबी खुर्चीवरच राहिली. मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी अंगण कोरं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी डबी घेऊन मी खुराड्याला वळसा घालून गेले. काकी बोंबील साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, “पुडं बसलेत.”

तात्या उंबरठ्यावर बसले होते, फाटकाकडे तोंड करून. मी डबी ठेवली. त्यांनी ती उचलली नाही.

“तुला कोनी सांगितलं नवतं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“निलेश. माजा पोरगा. मीच नेला चौकीवर. हाताला धरून नेला, शालंत नेतान तसा. तितले सायेब बोलले, चार दिस आत रायला का सुदरंल. माना खरं वाटलं.”

निलेश बाहेर आला तो नावावर केस घेऊन. जिथं कामाला जाई तिथं पोलिसांचा दाखला मागत. दाखला मिळेना, काम मिळेना. मग घरीही धड येईना. एका सकाळी आला. झोकांड्या खात, ह्याच फाटकातून. तात्या स्पर्धेसाठी रांगोळी काढत होते. पोराचा पाय तिच्यातून फरफटत गेला.

“मी बोंबललो,” तात्या म्हणाले. “रांगोलीसाटी. पोर उंबऱ्यापरत आलेला. तितनंच मागं फिरला. सात वर्सं झाली.”

मी त्या दोन वितींच्या पट्टीकडे पाहिलं. रांगोळी नसतानाही तेवढी जागा वेगळी दिसत होती, सात वर्षं रोज झाडलेली.

“आता माना एक सांग, पत्रकवाली,” ते म्हणाले. आवाजात भांडण नव्हतं. “गुन्हा असंल, तं मी केलं ते बरोबर. आजार असंल, तं मी माजं आजारी पोर पोलिसांना दिलं. तुज्या कागदात पोराची शिक्षा माफ हाय. बापसाला कोनतं कलम?”

माझ्या पिशवीत पन्नास प्रश्नांची छापील उत्तरं होती. मी कसंबसं म्हटलं, “तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, तात्या.”

“माईत नवतं म्हनून कोन सुटतं?”

मग त्यांनी डबी उघडली, तशीच मिटली, आणि रांगोळीचा डबा ओढला.

नव्या पत्रकातून मी ते वाक्य काढलं. मागणी काढली नाही. ती खरी आहे, आणि आता तर जास्तच खरी वाटते. त्या जागी एक ओळ घातली : ‘घरच्यांनाही उपचार आणि सल्ला मिळाला पाहिजे.’ छापायला देण्याआधी तात्यांना वाचून दाखवली. ते ऐकून घेऊन म्हणाले, “उशिरा छापलंस.”

दुसऱ्या दिवशी अंगणात रांगोळी होती. उत्तर नव्हतं, एक अक्षरही नव्हतं. फक्त त्या वाटेच्या दोन्ही कडांनी बारीक वेल काढलेली, फाटकापासून उंबरठ्यापर्यंत. एकही ठिपका चुकलेला नव्हता. फाटकाची कडी काढून ठेवली होती.

मी मागच्या दारानं गेले.