तुंगाचं पथ्य

मुलांनो, मांडी घालून बसा बघू. एका जंगलात तुंगा नावाची अस्वलीण राहत होती. तिची आई छातीतल्या गाठीने गेली. मावशीही तशीच गेली.

मागे खुदकन कोण हसलं? छाती हा साधा शब्द आहे, शिवी नाही.

तर तुंगाची दोन पिल्लं अजून लहान होती. त्यांना कुशीत घेऊन ती रात्र रात्र जागायची. शेवटी ती सुतारपक्षी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं.

"गाठ अजून नाही," डॉक्टर म्हणाले. "पण धोका आईकडून रक्तातच आलाय. गाठ होण्याची शक्यता फार आहे."

"मग गाठ होण्याआधीच दोन्ही स्तन काढून टाका," तुंगा म्हणाली.

झालं! जंगलभर कुजबुज सुरू झाली.

"धडधाकट बाई आणि ही कापाकापी!" शेवंताबाई कोल्हीण म्हणाल्या. "रोज गव्हांकुराचा रस प्यायला काय झालं होतं?"

तुंगाची आई पहाटे उठून डोंगर चढायची. मोहाची दारू तिने कधी हुंगलीही नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक आहे म्हणून सल्ला द्यायचं कोण थांबतं?

शस्त्रक्रिया नीट पार पडली. सगळ्या जणी केळी घेऊन समाचाराला आल्या. बघतात तर तुंगा मजेत मधाचं पोळं चाटत बसलेली!

"अगं, आणि पथ्य?" गुणवंताबाई रानडुकरीण किंचाळल्या.

"वेगळं असं काही नाही. चालायचं, वजन सांभाळायचं, दारू टाळायची. सगळ्यांनी करायचं तेच."

"सगळ्यांनी म्हणजे... आम्हीसुद्धा?"

गुणवंताबाईंनी पोट आत ओढलं. शेवंताबाईंच्या तोंडाला मोहाचा वास येत होता, त्यांनी ते घट्ट मिटलं.

"हे कसलं मेलं आजारपण!" गुणवंताबाई चिडल्या. "आता आम्ही तुला सांगायचं तरी काय?"

"काही सांगू नका," तुंगा हळूच म्हणाली. "नुसत्या बसा थोडा वेळ. मला फार भीती वाटली होती हो. अजून तळ्याच्या पाण्यात स्वतःकडे बघवत नाही."

सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. जाताना त्या केळीही घेऊन गेल्या.

तात्पर्य: ज्याला पथ्य सांगता येत नाही, अशा आजाऱ्याला भेटायला जाऊ नये. त्याचं ऐकून घ्यावं लागतं.