दालन क्रमांक सातमधले बूट

संग्रहालयात ‘कॅनव्हास बुटाचा इतिहास’ हे दालन उघडलं, तेव्हा त्यात बूट सोडून सगळं होतं. बुटाचा उगम, बुटाचा प्रसार, बुटाचं राष्ट्रउभारणीतलं योगदान असे अकरा फलक आणि मधोमध एक रिकामी काचपेटी.

पहिल्याच दिवशी पीटीचे निवृत्त सर आले. सूचनेप्रमाणे त्यांनी पादत्राणं दाराबाहेर काढली, अकराही फलक इमानेइतबारे वाचले आणि बाहेर आले. बूट गायब! परत आत जाऊन बघतात तर काचपेटी भरलेली.

“अहो, हे माझे बूट!”

“होते,” संग्रहालयाचे साहेब अदबीने म्हणाले. “आता समाजाचे आहेत.”

“समाजाला आठ नंबर बसतो का? रविवारी साठीपुढच्यांची शर्यत आहे माझी. चार वर्षं शेवटचा येतोय. या खेपेला नाही येणार, असं बायकोला छातीठोक सांगून बसलोय!”

कुणी लक्ष दिलं नाही, कारण भिंग घेतलेल्या तज्ज्ञ बाई आनंदाने किंचाळल्या होत्या. “पांढऱ्या लेपाचे तीनशे थर! हा नक्कीच एखाद्या प्राचीन विधीचा भाग असणार.”

“खडू आहे तो, बाई. दर शनिवारी फळ्याजवळचा उचलून फासायचो.”

“मध्ये बोलू नका. तुम्ही तज्ज्ञ नाही.”

संध्याकाळपर्यंत पेटीवर पाटी लागली: ‘अज्ञात खेळाडूचे बूट’.

“अज्ञात कसला? हा काय उभा आहे मी!”

“पुरावा?” साहेबांनी विचारलं.

“हे बूट!”

“ते संग्रहालयाचे आहेत.”

सरांनी रीतसर अर्ज केला. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून शर्यतीला परवानगी दिली, अर्थात बुटांना. पायांचा उल्लेख अर्जात नव्हता.

रविवारी शिट्टी वाजली आणि हातमोजे घातलेले दोन रखवालदार काचपेटी घेऊन धावत सुटले. त्यांच्यामागे अनवाणी सर, “अरे थांबा, माझे बूट!” असं ओरडत. जन्मात ते असे धावले नव्हते. बाकीचे म्हातारे केव्हाच मागे पडले. काचपेटी पहिली आली, सर दुसरे.

पदक बुटांना घातलं गेलं. सरांच्या बायकोला मात्र आनंद आवरेना. “दुसरे आलात की हो! मग इतकी वर्षं ते बूट कशाला घालत होतात?”

सर तळपाय चोळत बसले.

संग्रहालयात आता ‘चपलेचा इतिहास’ हे नवं दालन उघडतंय. फलक तयार आहेत, काचपेटी पुसून ठेवली आहे. आपण सहकुटुंब अवश्य यावं. पादत्राणं दाराबाहेर काढावीत.